नांदेडच्या चाचांना, तीन बंदुकांच्या शिक्क्याबद्दल

चाचा, आदाब.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच विषय बदलता. "शुक्रिया राहू द्या मास्तर, नळीत तेल टाकलं का ते सांगा." म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या. यात मध्येच बोलायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका दुपारी, सेलूहून परभणी-वसमत करत मी तुमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात पोचलो. सोबत आजोबांची टू-टू होती, म्हणजे .२२ बोरची, बारीक काडतुसाची रायफल, बीएसएची मार्टिनी. आमच्याकडच्या पोरांना बीएसए म्हटलं की सायकल आठवते. पण ती सायकल ज्या नावावर चालली ती बर्मिंगहॅमची कंपनी मुळात बंदूकवाल्यांनी १८६१ साली काढलेली, आणि तिचा शिक्का म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. हे मला तुम्हीच सांगितलंत, तेही अशा वेळी की आनंद होण्याऐवजी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण त्या तीनपैकी एक बंदूक मी पॉलिश पेपरनं पुसून टाकली होती.

झालं असं होतं. २०२४च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि दर निवडणुकीसारखी हत्यारं ठाण्यात जमा झाली. मी शहाण्यासारखी दोन्ही रायफली आतून स्पंज लावलेल्या रेक्झिनच्या कव्हरात घालून दिल्या. जूनमध्ये परत मिळाल्या तोवर पहिला पाऊस पडून गेला होता. चेन उघडली तर ब्रनोच्या, म्हणजे माझ्या दुसऱ्या रायफलीच्या, नळीवर तांबूस ठिपके, मार्टिनीच्या बाजूवर तर गंजाची नक्षीच. घाबरून मी हार्डवेअरच्या दुकानातून कागद आणला आणि दोन संध्याकाळी घासत बसलो. लोखंड चकचकीत झालं. मला वाटलं जमलं. आता फक्त तुमच्याकडून काळं पॉलिश मारून घ्यायचं, म्हणजे कालच पेटीतून काढल्यासारखी दिसेल.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला, बोट त्या शिक्क्यावर ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "मास्तर, बुढ्ढे के बालां काले करने से बुढ्ढा जवान होता क्या?"

रंग द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. गंजलेला भाग कसा थांबवायचा ते मात्र ब्रनोच्या नळीवर करून दाखवलंत. आधी तेल लावून रात्रभर ठेवायचं, मग तांब्या-काशाच्या नाण्याची कड धरून हलक्या हातानं खरवडायचं. काशापेक्षा पोलाद कठीण, म्हणून गंज निघतो आणि खालचा मूळ काळेपणा राहतो. तुमच्या गल्ल्यात त्यासाठीच ठेवलेला १९५७ सालचा एक नया पैसा होता, एका बाजूनं झिजून चंद्रकोरीसारखा झालेला. दस्त्याला वॉर्निश लावू नका म्हणालात. "तुमच्याकडं जवसाची चटणी खातात ना? त्याच जवसाचं तेल. थेंब थेंब घ्यायचं आणि तळहात गरम होईस्तोवर चोळायचं." अक्रोडाच्या त्या लाकडाला दोन महिन्यांनी जो रंग चढला, तो बघून आमच्या बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "कुणाकडं दिली होती?"

पण त्या दिवशी मार्टिनी तुम्ही ठेवून घेतली नाहीत. याचा मला फार राग आला होता, आता कबूल करतो. एवढ्या लांबून आलेलं गिऱ्हाईक, आणि तुम्ही रजिस्टर उघडून नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी एकेक आकडा बोटानं जुळवत बसलात. मग वही मिटलीत. परवान्यावर दोन होता तिथं लोखंडावर तीन होता. "ही बंदूक या कागदावरची नाही. नोंदीशिवाय मी हात लावणार नाही."

बाबा सत्तरीचे झाले तेव्हा वारसा म्हणून दोन्ही रायफली माझ्या नावावर झाल्या होत्या. त्याआधी तिसरी, बारा बोरची, आम्हाला विकावी लागली होती, कारण २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच ठेवायची मुभा राहिली. जुन्या रायफलींचा संग्रह करतो असं मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा बायको म्हणते, "दोनाचा संग्रह!" तर या सगळ्या कागदांच्या फेऱ्यांत, टेबलामागून टेबल, तो चुकीचा आकडा नुसता उतरत गेला. लोखंडाकडं कुणी बघितलंच नव्हतं. मीही नाही. भलत्याच वेळी भलत्याच माणसानं तो आकडा बघितला असता तर माझ्या घरात बिनपरवान्याचं हत्यार निघालं असतं, आणि मास्तरकीही गेली असती.

पुढच्या रविवारी आजोबांच्या ट्रंकेतला निजामाच्या काळातला परवाना घेऊन आलो. आमच्या घरात आजोबांनंतर उर्दू वाचणारं कुणी उरलं नाही. तुम्ही तो कागद पंख्याखालून बाजूला नेऊन उजेडात धरलात आणि वाचलात: आजोबांचं नाव, गाव, बंदुकीची जात, नंबर. त्यात तीन होता. मग पाठकोऱ्या पावतीवर उर्दूतला दोन आणि तीन शेजारी शेजारी काढून दाखवलेत. फरक फक्त एका दाताचा. पोलीस ॲक्शननंतर कधीतरी कागद बदलले, तेव्हा कुण्या कारकुनाच्या डोळ्यांतून तो दात निसटला असणार.

प्रमाणित भाषांतर कुठं मिळेल, अर्जाला काय काय जोडायचं, नंबराचा ठसा कागदावर पेन्सिलीनं कसा उमटवून घ्यायचा, हे सगळं तुम्ही सांगितलंत. दुरुस्ती व्हायला आठ महिने लागले. कार्यालयानं फाईल दोनदा परत पाठवली, त्याविषयी लिहायला बसलो तर वेगळं पत्र होईल. त्या कागद वाचनाचे पैसे विचारले तर तुम्ही चहा मागवलात.

आणि मग कुठं ती दुसरी तक्रार, जी मी पॉलिशसोबतच घेऊन आलो होतो. रेंजवर दहा काडतुसं घातली की तीन-चार उडायचीच नाहीत. मला वाटायचं काडतुसं जुनी असतील. तुम्ही न उडालेली काडतुसं भिंगाखाली धरलीत. तेव्हा समजावलंत की टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, बुडाच्या कडेच्या घडीत असतो. पिननं ती कड दोन लोखंडांमध्ये चेपली पाहिजे, तरच ठिणगी. माझ्या पुंगळ्यांवरची खूण उथळ होती. मग नळीचा मागचा काठ बघितलात आणि विचारलंत, "काडतूस नसताना चाप किती वेळा ओढता?"

चाचा, त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. आज देतो. आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला की घरातलं प्रत्येक पोर त्या मार्टिनीचा लिव्हर खाली ओढून चाप दाबतं. आजोबांच्या काळापासून. टक्क असा आवाज येतो, त्याची मजा. आत काडतूस नसलं की ती पिन थेट नळीच्या काठावर आपटते. सत्तर वर्षं, दहा-बारा पोरं. काठाला खळगा पडला, तिथलं लोखंड काडतुसाच्या घरात, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, सरकलं, आणि नेमकं जिथं कडेला टेकू हवा तिथंच काही राहिलं नाही.

मी म्हटलं, नवी नळी मिळेल का? तुम्ही हसलात. सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक मागवणं १९८०च्या दशकातच बंद झालं, सुटे भाग कुठून येणार? तुम्ही खणातून एक निमुळती पोलादी कांडी काढलीत, स्वतः घडवलेली, आरशासारखी. ती घरात सरकवून, फिरवत, दाबत, आत आलेलं लोखंड होतं तिथं परत बसवलंत. कानस लावली नाही. "घासलं तर गेलं, दाबलं तर राहिलं." पिनचं टोक मात्र नवं केलंत, तेही तीनदा लावून बघत. ते चार तास मी स्टुलावर बसून होतो. इतकं मन लावून मी वर्गातसुद्धा कुणाला ऐकलेलं नाही.

आता निकाल सांगतो, कारण तुम्हाला तेवढंच ऐकायचं असतं. वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर पाच गोळ्या मारतो. आधी त्या भाकरीएवढ्या जागेत पसरायच्या. आता दहाच्या नाण्याखाली झाकतात. न उडालेलं काडतूस गेल्या दोनशेत एक. काडतूस साधंच वापरतो, जास्त वेगाचं नाही. ५० मीटरवर अजून हात हलतो. पॅरिस ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा तुमचा फोन आला होता, "वही गोली है मास्तर, अपनीवाली." गोळी तीच आहे हो चाचा, पण ५० मीटरवरच्या त्या निशाणाचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. माझी माशीच, नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, त्याच्यापेक्षा जाड दिसते.

विधानसभेच्या वेळी दोन्ही रायफली परत जमा केल्या. या खेपेला कव्हर नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तेलात भिजवलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "मास्तर, ममी आणली का?" परत आल्या तेव्हा एक ठिपका नव्हता.

यंदा खंडेनवमीला पोरांना चाप ओढू दिला नाही. धाकटा पुतण्या फुगून बसला. मग त्याला भिंग दिलं आणि शिक्क्यातल्या उरलेल्या दोन बंदुका दाखवल्या. तिसरी कुठं गेली म्हणून त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

दिवाळीनंतर येतोय. आईनं जवसाची चटणी करून ठेवलीय, तिखट कमी घातलंय तुमच्यासाठी. ब्रनोचा बोल्ट उघडताना जरा अडतो, तोही बघा.

तुमचा,
सेलूचा मास्तर