जुहूच्या धावपट्टीशेजारी एक दालन हवं

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

15 ऑक्टोबर 2032 रोजी टाटांच्या टपाल विमानाच्या पहिल्या उड्डाणाला शंभर वर्षं होतील. तेव्हा भाषणं होतील, हारतुरे होतील. त्याआधी एक काम करा. जुहू विमानतळाच्या आवारात शाळेच्या पोरांनाही सहज जाता येईल असं कायमचं दालन उभारा.

भारतात दिलेल्या वैमानिक परवान्यांपैकी पहिला जे.आर.डी. टाटांना 1929 साली मिळाला. तीन वर्षांनी ते कराचीहून एका इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन निघाले. लंडनहून कराचीपर्यंत आलेलं टपाल पुढे मुंबईला न्यायचं होतं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीवरून आले. टाकी भरली, आणि दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथे धावपट्टी कसली, समुद्राकाठची चिखलाची जमीन! पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तारा पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवायचा आणि तिथूनही टपाल वेळेवर पोचवायचं. मला तर ही दरवर्षीची धावपळ पहिल्या उड्डाणाहून मोठी वाटते. सरकारने अनुदानही नाकारलं होतं.

या कथेतून एक नाव नेहमी गळतं, ते नेव्हिल व्हिन्सेंट यांचं. ब्रिटिश हवाई दलातून आलेल्या या वैमानिकानेच टपालसेवेची कल्पना टाटांकडे आणली. जुहूला उतरलेलं टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला त्यांनी नेलं. 1942 मध्ये, युद्धाच्या काळात, विमानप्रवासातच त्यांचा अंत झाला. दालनात त्यांना जे.आर.डीं.च्या शेजारी जागा द्या, कोपऱ्यात नको.

1978 मध्ये सरकारने जे.आर.डीं.ना, याच टपालसेवेतून वाढलेल्या एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. तरी 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केलं, तरुणांना उभारी यावी म्हणून. ही जिद्द मुलांना जुहूलाच उभं राहून कळायला हवी.

विमानतळाच्या आवारातलं काम म्हणजे सुरक्षेच्या परवानग्या आल्या, त्यांत वर्षं सरतात. म्हणून निर्णय यंदाच घ्या, आणि येरवड्याच्या त्या मैदानाचा माहितीफलकही याच कामात धरा.

आपला,
विमानं बघत वाढलेला एक मुंबईकर