फोन बंद होता, मी बरी होती

आई, बाबा,

मंगळवारी रात्री तुम्ही दोघंही जेवले नाही हे दादानं सांगितलं तेव्हापासून चैन नाही. काम संपता संपता आठ वाजले, रूमवर येऊन फोन चार्जिंगले लावला अन् तशीच झोपून गेली, चालू करायचाच राहिला. चुकलं माझं.

बाबा, खोडदला आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांजवळ मोबाईल काहून बंद ठेवा लागते ते तुम्हाले लवकर समजेल. वावरातल्या मोटरचं स्टार्टर दाबलं की ट्रान्झिस्टरवर नागपूर केंद्राच्या बातम्यांत खरखर व्हायची, म्हणून तुम्ही बातम्या संपल्यावरच मोटर लावायचे ना? तसंच आहे हे. इथं ४५ मीटर रुंदीच्या ३० अँटेना आहेत, १४ मधात अन् बाकीच्या तीन दिशांनी, सगळा पसारा २५ किलोमीटरचा, अन् वरून येणारे सिग्नल इतके बारीक की एक फोनही लय होते. ८८० कोटी वर्षांआधी निघालेली हायड्रोजनची खूण याच अँटेनांनी पकडली, २०२३ ले जाहीर झालं. अन् आई, त्या फक्त ऐकतात, सोडत काहीच नाहीत, म्हणून "त्या लहरींनं पोरीले काही होईल" हे डोक्यातून काढून टाक.

आता मेन गोष्ट. अमरावतीच्या कॉलेजातल्या नोकरीले मी नाही म्हणून कळवलं. तुम्हाले आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तं आई काहीच बोलली नसती, नुसती तांदूळ निवडत बसली असती, अन् मी हो म्हणून गेली असती. पगार तेवढाच होता, घर दीड तासावर होतं, सगळं खरं आहे. पण मी टेबलावर तपासलेला रिसीव्हर वर अँटेनावर चढते ना, तेव्हा मले जागलीची रात्र आठवते, मचाणावर तुमच्या घोंगडीत, तुम्ही आभाळातलं तिकांडं दाखवून राहिले, बाजेमागचे तीन चोर दाखवून राहिले अन् मी झोप आली तरी डोळे उघडे ठेवून राहिली. तुम्हीच लावलं हे वेड बाबा. तुमच्यापासून दूर जायचं म्हणून नाही राहिली इथं.

जेवणाचं चांगलं आहे. घरमालकीण काकू बाजरीची भाकर देतात, तुझ्या ज्वारीच्या भाकरीची सर नाही पण गरम असते. नारायणगाव टमाट्याचं मोठं मार्केट, भाजीले तोटा नाही. मुगवड्या अर्ध्या उरल्या आहेत. बिबट्याच्या बातम्या पाहून घाबरू नको, जुन्नरकडं उसात बिबटे आहेत, पण मी एकटी कधीच फिरत नाही, ऑफिसच्या गाडीनं जाते येते. पांढरकवड्याकडं वाघ आहे म्हणून आपल्या लोकांनी कापूस वेचणं सोडलं काय?

आता ऐका. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तुरी निघायच्या आधी करायचं, तारीख दादा घेईल, नंतर पाहू म्हणायचं नाही. २८ फेब्रुवारीले विज्ञान दिनाची इथं सगळ्यांसाठी जत्राच असते, गावोगावचे शेतकरी येतात, तुम्ही दोघं चार दिवस आधीच या, मी पुण्याले घ्यायले येते. आई, बीपीची गोळी सकाळी चहाआधी घेजो, आठवण आली की नाही. अन् हरभऱ्याले रात्रीची लाइन असली तं बाबा एकटे जाऊ नका, दादाले उठवा, गमबूट घाला, बॅटरीचे सेल मी पाठवले आहेत, पार्सल शुक्रवारपर्यंत येईल.

तुमची,
छकुली