किल्ल्यामागच्या पाण्यात नांगर नकोत, बोये हवेत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत स्नॉर्केलिंग आणि स्कुबा डायव्हिंगसाठी कुठे जावं, यावर पानभर लेख आला होता. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती ही आमच्या किनाऱ्याची नावं ठळक छापलेली पाहून आम्हा सगळ्यांनाच आनंद झाला. त्या पानाचं कात्रण आमच्या जेटीवर चार दिवस फिरत होतं. मी मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या पाण्यात पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो, त्यावरच माझं घर चालतं. वडील मासेमारी करायचे. लेखात बोटीचं भाडं होतं, राहण्याची सोय होती, कुठे काय खावं तेही होतं. पण ज्याच्या जिवावर हा धंदा उभा आहे त्या पाण्याखालच्या प्रवाळाला एक ओळसुद्धा मिळाली नाही, म्हणून हे पत्र. आमच्या बोटींचे नांगर हे प्रवाळ फोडतात, त्याऐवजी बोटी बांधायला पाण्यात पक्के तरंगते बोये हवेत, एवढंच मला सांगायचं आहे.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. एकूण क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम 3 चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच पट्ट्यात येतात. म्हणजे पर्यटक ज्याला 'किल्ल्याच्या मागचा स्कुबा पॉइंट' म्हणतात, ती जागा अभयारण्यातली आहे. आमच्या बोटीत बसणाऱ्या बहुतेक माणसांना याची कल्पनाही नसते, कारण तसं सांगणारी पाटी त्यांच्या वाटेत कुठे लागत नाही. ताडोबाला गेलेला माणूस वाघाच्या जंगलात शिरतोय हे जाणून असतो. इथला माणूस गुडघाभर पाण्यातून बोटीत चढतो आणि दहा मिनिटांत, कायद्याने वाघाइतकंच संरक्षण असलेल्या जिवांवर उतरतो. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याचा तुकडा मोडून खिशात घालणं हा गुन्हा आहे.

हे पाणी कसं आहे, तेही सांगतो. खोली फार नाही, बहुतेक ठिकाणी दोन-तीन वाव, म्हणजे चार-पाच मीटर. उधाणाच्या दिवसांत गाळ वर येतो आणि हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असली, जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असला आणि सकाळी आठ-नऊची वेळ असली, की तळ निवळशंख दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यांत चांगले. आपल्या लेखात 'कधीही जा' असं लिहिलं होतं, ते बरोबर नाही. लांबून येणाऱ्याने तिथी पाहूनच यावं. तळाशी खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, टर्बिनेरिया नावाचं प्रवाळ कोबीच्या पानांसारखं थरावर थर पसरलेलं असतं, पिवळट-तपकिरी रंगाचं. शेजारी पोराइट्स या दुसऱ्या प्रवाळाचे गोल ढेपे. फटीत गोब्रा मासा तोंड बाहेर काढून बसलेला असतो. माणूस जवळ गेला की आधी डोळे फिरवतो, मग अर्ध्या अंगाने मागे सरकतो. पोपटमासे दातांनी खडप खरवडतात तेव्हा कान पाण्यात असले तर त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. पहिल्यांदा आलेल्या मुलांना मी मास्क लावून एवढंच ऐकायला सांगतो. ती गप्प होतात आणि मग वर येऊन अर्धा तास बोलत राहतात.

आता नांगराबद्दल. सकाळी बोट जाते तेव्हा वारा जमिनीकडून असतो. बोट एका दिशेला तोंड करून उभी राहते. अकरा-बारा वाजता वारा फिरतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि बोट नांगराभोवती हळूहळू अर्ध्या वर्तुळात फिरते. तिच्यासोबत तळावरचा दोर आणि साखळीही फिरते. नांगर टाकताना एक घाव बसतो तो निराळाच, पण खरी नासाडी साखळी करते. ती झाडूसारखी नाही, कानशीसारखी घासत जाते. टर्बिनेरियाची पानं कडेने तुटतात, पोराइट्सच्या ढेप्यावर पांढरा चरा उठतो. नांगर ओढताना फाटा खडपात अडकला, तर खलाशी बोट पुढे-मागे करून हिसका देतो आणि त्या हिसक्यासरशी ढेपाच उपटला जातो. पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे घागरीएवढा ढेपा दिसला, तर त्याला वीस-पंचवीस वर्षं तरी झालेली असतात. सुट्टीच्या मोसमात एकाच जागेवर दिवसभर बोटींची ये-जा असते आणि प्रत्येक बोट नांगर टाकते. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमची जुनी माणसं खडपावर नांगर टाकत नसत. माझे वडील सांगायचे, "खडपार नांगर टाकू नको रे, फाटो अडाकलो तर दोरी कापूक लागतली." त्यांचं कारण नांगर वाचवण्याचं होतं, पण त्यात खडपही वाचायचं. मासेमारीच्या होडीला खडपाच्या कडेला वाळूत उभं राहून भागतं. पर्यटकांच्या बोटीला ते भागत नाही, कारण पोहता न येणाऱ्या माणसाला प्रवाळाच्या अगदी वर उतरवावं लागतं. म्हणून हा प्रश्न आमच्या धंद्याने आणला आहे आणि त्यावरचा उपायही आम्हीच मागितला पाहिजे.

उपाय नवा नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की लार्गो नावाचं बेट आहे. तिथला किनारा स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंगसाठी जगभर ओळखला जातो, समुद्रातलं त्या देशातलं पहिलं उद्यान 1960 साली तिथेच झालं. बोटी वाढल्या तशी नांगराने प्रवाळ फुटण्याची तक्रार तिथेही आली. 1981 साली जॉन हालास या जीवशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती केली. प्रवाळ टाळून मोकळ्या खडकात भोक पाडायचं, त्यात स्टीलचा कडीचा दांडा सिमेंटने पक्का बसवायचा, कडीला दोर आणि दोराच्या वरच्या टोकाला तरंगता बोया. बोट येते, बोयाचा दोर उचलते, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधते, काम झालं की सोडून देते. दोर वरच्या वर तरंगत राहतो, तळाला टेकतच नाही. आज त्या बेटांच्या रांगेत असे शेकडो बोये आहेत, पांढरे, मधोमध निळा पट्टा असलेले. त्यांना भाडं नाही. जो आधी येईल त्याने बांधावा. पुढे ही पद्धत जगभरच्या प्रवाळक्षेत्रांत गेली.

त्याच फ्लोरिडातली आणखी एक गोष्ट. पाण्याखाली माशांना खाऊ घालून पर्यटकांना दाखवणं तिथे 1 जानेवारी 2002 पासून बंद आहे. आमच्याकडे पावाचा पुडा अजून बोटीतच असतो. पाव चुरडला की पिवळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे झुंडीने येतात, फोटो छान निघतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण झुंड येते ती त्या एक-दोन जातींचीच. ते धीट होतात, बाकीच्यांना हुसकावतात. उरलेला पाव पाण्यात कुजतो आणि त्यावर शेवाळ माजतं. प्रवाळाला शेवाळ जड जातं, आणि ते खरवडून जागा मोकळी ठेवणारा पोपटमासा पावाकडे फिरकतही नाही. मी पाव नेणं सोडून दिलं तेव्हा शेजारचे बोटवाले म्हणाले, तुझी गिऱ्हाइकं तुटतील. तुटली नाहीत. लोकांना आधी नीट सांगितलं, दोन मिनिटं हात न हलवता तरंगायला लावलं, की मासे आपणहून जवळ येतात. शिवाय जास्त जातींचे येतात.

बोयांचा विषय काढला की आमच्यातले काही जण बिचकतात. त्यांची भीती मला समजते. 1987 ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला होता, कारण मासेमारी बंद होईल आणि आपल्याच दारात आपण परके होऊ, असं त्यांना वाटत होतं. पोटापाण्याचा प्रश्न होता, ते चुकीचं नव्हतं. पण बोया कुणाची जागा हिसकावत नाही. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या आड येत नाही, जाळं टाकणाऱ्याला अडवत नाही, उलट त्या खडपात वाढलेला गोब्रा आणि तांबोशी मासळी पुढे बाहेरच्या पाण्यात गळाला लागते. दुसरी शंका पावसाळ्याची. आमचा समुद्र जून-जुलैत काय करतो हे फ्लोरिडावाल्यांना सांगून कळणार नाही. खडकातली कडी मात्र लाटेने हलत नाही. वरचा दोर आणि बोया जलपर्यटन बंद होतं तेव्हा, म्हणजे मे अखेरीस काढून घ्यायचा आणि नारळी पौर्णिमा झाल्यावर, समुद्र शांत झाला की पुन्हा लावायचा. हे काम पाण्याखाली उतरणारी आमचीच पोरं करतील. त्यांना तेव्हा तसंही काम नसतं.

24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतर लाइफ जॅकेट, बोटीत किती माणसं, परवाना आहे की नाही, यावर खूप बोललं गेलं आणि ते बोललं जायलाच हवं होतं. पण बांधायला पक्की जागा असणं हीसुद्धा सुरक्षिततेची गोष्ट आहे, हे त्या चर्चेत कुणी म्हटलं नाही. नांगर सुटलेली बोट पोहणाऱ्यांच्या अंगावर सरकते, तेव्हा खाली इंजिनचा पंखा असतो. बोयाला बांधलेली बोट जागची हलत नाही आणि एका बोयाला एकच बोट असा नियम केला, की एका जागी किती गर्दी होऊ द्यायची तेही आपोआप ठरतं.

निवतीच्या खडकांजवळ नौदलाचं 'गुलदार' हे निवृत्त जहाज बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची सरकारी योजना आपण छापली होती. 12 जानेवारी 2024 ला हे जहाज नौदलातून निवृत्त झालं. योजनेला माझा विरोध नाही. खोल पाण्यात उतरणाऱ्यांना चांगली जागा मिळेल, किल्ल्यामागची गर्दीही थोडी वळेल. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचंही स्वप्न लोक पाहतात, पाहू देत. पण लोखंडावर प्रवाळ रुजायला आणि वाढायला कैक वर्षं जातील. ते आधीच वाढलेलं, लहान मुलालासुद्धा मास्क लावून वरून दिसेल इतक्या उथळ पाण्यात, आमच्याकडे आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या प्रवाळांचं पांढरं पडणं नोंदवलेलं आहे. पाणी तापलं की प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल निघून जातं आणि ते उपाशी पडतं. तापणारा समुद्र मालवणकरांच्या हातात नाही. पण उपाशी पडलेल्या जिवावर आणखी साखळी घासायची की नाही, हे पूर्णपणे आमच्या हातात आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच. किल्ल्यामागच्या आणि पद्मगडाच्या बाजूच्या, जिथे रोज बोटी उभ्या राहतात त्या जागी सुरुवातीला आठ-दहा पक्के बोये बसवावेत. जागा शास्त्रज्ञांनी आणि आमच्या जुन्या मच्छीमारांनी एकत्र बोटीतून फिरून ठरवाव्यात, कागदावर नकाशा पाहून नाही. कुठे खडक आहे, कुठे वाळू, कुठे ओढ लागते, हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. खर्चासाठी प्रत्येक पर्यटकामागे थोडी रक्कम वेगळी ठेवावी, ती द्यायला एकही गिऱ्हाईक नाही म्हणणार नाही. बोये बसल्यावर त्या भागात नांगर टाकायला बंदी करावी. आधी बंदी आणि बोये नंतर, असं झालं तर गरीब बोटवाला तेवढा भरडेल. अभयारण्य वनखात्याकडे आहे, जलपर्यटनाचे परवाने सागरी मंडळ देतं, पर्यटनाचं काम महामंडळाकडे आहे. या तिघांना एका टेबलाशी बसवणं माझ्यासारख्या बोटवाल्याच्या आवाक्यातलं नाही. वर्तमानपत्राच्या मात्र आहे.

आपला वार्ताहर पाठवावा. शनिवार-रविवारी नको, आठवड्याच्या मधल्या दिवशी, भांगाचं पाणी बघून. पोहता येत नसलं तरी चालेल, मी सोबत असेन. त्याला आधी चांगलं प्रवाळ दाखवीन आणि मग बोटी उभ्या राहतात तिथला तळ.

आपला नम्र,
मालवणचा एक स्नॉर्केलिंग मार्गदर्शक
(कृपया नाव छापू नये)