मावशींच्या वाट्याचे पाणी

सासवडजवळून,
रविवार, रात्री

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची टोचणी मनाला सतत होती. दोनदा पत्र लिहायला घेतले आणि दोन्ही वेळा ते अर्धवट राहिले. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, कारण परवा आपल्या सामाईक विहिरीच्या पाणी-योजनेच्या बैठकीत जे घडले, ते इथे कुणाला सांगितले तर पाण्याचे भांडण म्हणून सोडून देतील. माझी प्रकृती ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे.

आपल्या सामाईक विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, मामांच्या त्या पडीक तुकड्यावर, आता प्लॉट पडले आहेत. २०१६ मध्ये पुरंदरच्या विमानतळाची घोषणा झाल्यापासून इथल्या माळाकडेही लोक सोन्याच्या नजरेने पाहू लागले आहेत. एका नव्या मालकाने फेब्रुवारीत तिथे बोअर घेतले आणि मार्च संपता संपता आपल्या विहिरीचा तळ दिसू लागला. पाणी बोअरनेच ओढले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण गेल्या साली परतीचा पाऊसही आपल्याला चुकला होता. पण बैठकीत हा विचार करायला कुणी थांबले नाही. तरुण मंडळींनी सरळ सांगितले की प्रत्येकाने आपापले बोअर घ्यावे आणि योजना गुंडाळावी, कारण जमीन आज ना उद्या विकलीच जाणार आहे. तेव्हा मागे बसलेल्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “ज्याला जमीन आहे तो बोअर घेईल. माझ्या घरच्या तीन माणसांच्या वाट्याचं पाणी मी कुणाच्या बोअरात शोधू?”

सभा गप्प झाली. त्या शांततेत कुणीतरी अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचवले. उत्तर द्यायला आठ दिवसांची मुदत आहे आणि त्यातले दोन दिवस गेले.

मावशींच्या प्रश्नात विलासराव साळुंखे यांचे सगळे काम आले, असे मला त्या क्षणी वाटले. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचा हा अभियंता-कारखानदार पुरंदरात आला, रोजगाराच्या कामावर खडी फोडणारी माणसे त्याने पाहिली, आणि पुढे नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेऊन माती आणि पाणी अडवण्याचे काम स्वतः करून दाखवले. मात्र बांधबंदिस्ती इतरांनीही केली होती. विलासरावांचे खरे धाडस वाटपाच्या नियमात होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने द्यायचे, एका कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही, उसाला मुळीच नाही, खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उचलायचा, आणि ज्याच्याकडे वावर नाही त्याचाही पाण्यावर तितकाच हक्क. जमीन आणि पाणी यांची गाठ सोडवण्याइतके मोठे काम आपल्या भागात दुसरे कुणी केले नाही, असे माझे ठाम मत आहे. आज बोअर ती गाठ पुन्हा बांधतो आहे. ज्याची जमीन त्याचे भोक, आणि ज्याचे भोक जास्त खोल त्याचे पाणी.

आता तू हसशील, कारण हिवरे बाजारहून परतताना एस.टी.त झालेले आपले भांडण तुलाही आठवले असेल. गाव माणसावर उभे राहते, असे तुझे म्हणणे होते. माझा हट्ट होता की गाव नियमावर उभे राहते. सुप्यापासून पुण्यापर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही आणि शेवटी शेंगांच्या पुडीवरून तह झाला (शेंगा तूच जास्त खाल्ल्यास, हे आजही नोंदवून ठेवतो). पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले नसते तर त्या गावाचे काय झाले असते, हा तुझा प्रश्न मला तेव्हा टाळता आला नव्हता. पण त्यांच्या गावात पावसाळा संपला की पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात, उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात, आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत. हा ताळेबंद म्हणजे नियमच ना? मग आपल्यापैकी कोण खरे होते?

गेले दोन दिवस हाच प्रश्न मला छळतो आहे. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी काम पुढे नेले, तरी नियमावर पहारा करणारी माणसे गावोगाव कमी होत गेली आणि कितीतरी ठिकाणी कागदावरचा नियम नुसता कागदावर राहिला. कायदा आपल्या बाजूचा आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. पण मावशींनी तो अधिनियम घेऊन कुणाच्या दारात उभे राहायचे?

मला भीती अध्यक्षपदाची वाटत नाही. मी खुर्चीत बसलो की सगळे माझ्यावर सोपवून मोकळे होतील आणि माझ्यामागे पुन्हा हीच बैठक भरेल, याची मला भीती वाटते. म्हणून प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण सारखे मनात येते. विठ्ठलराव विखे पाटलांनी घरोघर फिरून भागभांडवल जमवले, १९५० मध्ये कारखाना सुरू झाला, आणि अध्यक्ष मात्र अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. ज्याच्या शब्दावर लोकांनी पैसे दिले, त्याने पहिली खुर्ची हिशेब जाणणाऱ्या माणसाला देऊ केली, हे मला आज फार मोठे वाटते. मग मनात येते की अध्यक्ष मावशींना का करू नये? त्यांना आकडे लिहिता येत नाहीत, पण कुणाला कधी पाणी द्यायचे त्याची चाळीस वर्षांची पाळीपत्रके तोंडपाठ आहेत. आकडे मी लिहीन.

तुझी बदली झाल्याचे दादांकडून कळले. नवे घर ऑफिसपासून लांब नाही ना? चिरंजीवांचा निकाल लागला असेल, त्याला माझे आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार.

आता एक काम. शेवटच्या वर्षाला असताना आपण दर रविवारी गाठी मारलेला दोर सोडून विहिरीची पातळी मोजत होतो, ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुझ्याकडे आहे. त्या वर्षीही पाऊस कमी होता आणि आसपास एकही बोअर नव्हते. त्या उन्हाळ्यातले आकडे आजच्या शेजारी ठेवता आले, तर बोअरविषयी सभेत अंदाजाने बोलावे लागणार नाही. मूळ वही स्पीड पोस्टाने पाठव. नुसते फोटो नकोत, मावशींच्या हातात वही द्यायची आहे. दोर माझ्याकडे आहे. उद्या सकाळी मोजायला जातो.

तुझा,
जुना सोबती