आचऱ्याच्या अलीकडच्या त्या वाडीतल्या मंडळींना

कुणकेश्वराचं दर्शन आटोपून आमची ज्येष्ठांची सहल मालवणकडे निघाली होती. सकाळी सिंधुदुर्ग किल्ला आणि तिथलं शिवराजेश्वराचं देऊळ बघायचं ठरलेलं. वाटेत बसची क्लच प्लेट गेली. रात्रीची वेळ, ट्रॅव्हल्सवाला फोन उचलेना आणि आमच्यातल्या एका मधुमेही काकूंना घाम फुटलेला.

जवळच्या देवळात जत्रा होती. तिथून तुम्ही धावत आलात. कोणी साखरेचं पाणी आणलं, कोणी काकूंचे तळवे चोळले. दशावतारी नाटकाला अजून अवकाश होता. अर्ध्या चेहऱ्याला रंग लावलेला एक कलाकार रंगमंचावरचं बाकडं उचलून घेऊन आला. खेळात राजा बसतो ते, आणि बहुधा तेवढं एकच! "आये, हय बस गे," म्हणाला आणि काकू सावरेपर्यंत तसाच उभा राहिला. मग एका घरातून गरम पेज आली, सोबत लोणच्याची फोड. ती माउली काकूंना घासाघासाला दटावत होती, "सगळी खावक व्हयी!"

दोन पोरांनी गावातल्या जीपगाड्या जमवून आम्हाला मालवणात पोचवलं. पैसे घेतले ते फक्त डिझेलचे, तेही फार आग्रह केल्यावर. गडबडीत कोणाचं नावही विचारलं नाही. काकू आता ठणठणीत आहेत. पुढच्या जत्रेला यायचं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलंय, या वेळी दशावतारातला संकासुर बघायला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.