पक्षी सप्ताहात आजीलाही माळावर न्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पक्षी सप्ताह जवळ आला आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, तो राज्यभर पाळला जातो. चितमपल्ली तर आपल्या सोलापूरचेच. शाळांमधून चित्रकला आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा होतील, त्या व्हाव्यातच. माझी विनंती एवढीच की या आठवड्यातली निदान एक सकाळ मुलांना बाहेर न्यावं आणि सोबत घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही घ्यावं.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. मुलीला दुर्बीण घेऊन दिली तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही चौघं घराबाहेर पडतो. मी, बायको, सहावीतली मुलगी आणि माझी आई. आई मूळची मोहोळ तालुक्यातली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती दुर्बीण डोळ्याला लावत नाही, तरी पाखरू सगळ्यात आधी तिलाच कळतं. ती कानानं ओळखते.

गेल्या थंडीत हिप्परग्याच्या तलावाकडे निघालो होतो. आमचं सगळं लक्ष पाण्यातल्या बदकांवर. आई मात्र मागच्या रानाकडे वळून म्हणाली, "भोरड्या आल्या बघ. ज्वारी हुरड्यात आली असंल." मिनिटभरात थवा डोक्यावरून गेला आणि ताटांवर उतरला. लहानपणी तिनं माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं राखलेली आहेत. थवा उतरायच्या आधीच ओरडा करायचा, एकदा कणसावर बसला की उठवणं अवघड, हे तिनं नातीला हातवारे करून दाखवलं. नातीनंही तिला सांगितलं की या भोरड्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येतात आणि तिकडे त्यांची पिल्लं नाकतोड्यांवर वाढतात. आई जरा थांबली आणि म्हणाली, "नाकतोडं हितं बी खात्यात की. दाणं खात्यात तेवढंच आम्ही धरून बसलो." इतकी वर्षं ज्यांना हाकललं त्यांच्याविषयी तिच्या तोंडून हे ऐकताना मला फार बरं वाटलं.

नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आईनं तो हरभऱ्याच्या रानात चरताना पाहिलेला. माझ्या मुलीच्या वाट्याला तो येईल असं वाटत नाही, आणि याचं दुःख आम्हाला आहे. पण 'माळढोक नाही तर तिथं बघायचं काय' असं विचारणाऱ्यांनी एकदा धाविक पाहावा. पाच-सहा पावलं तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो, मान ताठ करतो, मग वाकून किडा उचलतो. पोट तांबूस केशरी, डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळी. हलला नाही तर समोर असून दिसत नाही. थंडीत संध्याकाळी भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालतात आणि रात्री त्याच गवतात, जमिनीवर झोपतात.

इथलं खूप काही जमिनीवरच चालतं. माळढोक एका वेळी सहसा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. चंडोलाचं घरटं गवताच्या बुडाशी. उन्हाळ्यात मार्डीकडच्या एका मोकळ्या माळावर टिटवी ओरडायला लागली, तशी आईनं आम्हाला जागच्या जागी थांबवलं. "पाऊल टाकू नका, अंडी हायत." बराच वेळ शोधल्यावर ती दिसली. खड्यांमध्येच चार अंडी, मातकट रंगावर काळे डाग, निमुळती टोकं आत वळवलेली. काडीकचऱ्याचं घरटं नाहीच. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला, असं गावाकडे मानतात. आईनं त्या जागेचा चढ पाहिला आणि तिचा चेहरा खुलला.

त्याच माळावर काही तरुण फोटोसाठी जीप वाट सोडून आडवीतिडवी पळवत होते. आईनं हात करून त्यांना थांबवलं आणि ती अंडी दाखवली. पोरं भली होती, गाडी वाटेवर घेऊन गेली. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माळ पडीक आहे असं समजून त्यावर खड्डे खणून झाडं लावणाऱ्या उत्साही मंडळींनाही हेच सांगावंसं वाटतं. झाडं जरूर लावा, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, आपल्या बांधावर लावा. गवताळ माळावर झाड आलं की त्यावर कावळे बसतात आणि खालची अंडी टिपतात. धाविकाला आणि टिटवीला चहूकडचं मोकळं दिसावं लागतं.

सप्ताहाचे कार्यक्रम शाळांमधून आत्ता ठरत असतील, म्हणून हे पत्र आधीच पाठवत आहे. मुलीच्या वर्गशिक्षिकांनी हिप्परग्याला जायला होकार दिला आहे आणि माझी आई मुलांबरोबर जाणार आहे. ज्यांच्या घरी शेतात राबलेली आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी त्यांना आवर्जून सोबत न्यावं. बसायला घडीचं स्टूल घ्यावं, पाणी घ्यावं आणि उजाडायच्या आत पोचावं. नऊ वाजले की ऊन चढतं आणि पाखरंही गप्प होतात.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर