मॅडम, तुमचा मार्कर अजून तात्यांच्या खिशात आहे

मॅडम, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दूध संघात, तुम्ही करून दिलेल्या नव्या सॉफ्टवेअरवरचं शेतकऱ्यांचं तिसरं दूध बिल निघालं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर, असे तिन्ही दसवडे पार पडले. बिलाच्या दिवशी मी सकाळपासून हिशोबाच्या खिडकीशी बसून होतो. दोन बायका आल्या, त्याही पशुखाद्याची उचल कधी मिळेल ते विचारायला. भांडायला कुणी आलं नाही. रात्री घरी हे सांगताना माझा आवाज भरून आला, आणि तेव्हाच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

तुमच्या आधी सॉफ्टवेअर करायला जे आले होते त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते चार महिने येत होते. म्हणजे साहेबांच्या केबिनपर्यंत येत होते. तिथे प्रोजेक्टर लागायचा, चहा व्हायचा. शेवटी इंग्रजीतला दोनशे पानांचा गठ्ठा पुढे आला आणि सही करा म्हणाले. संकलन विभागात माझी वीस वर्षं गेली आहेत. त्यांनी मला एकदाच काहीतरी विचारलं, दरतक्त्याची फाइल कुणाकडे मिळेल एवढंच. पहाटे पाचला केंद्रावर त्यांच्यातला एकही माणूस उभा राहिला नाही. त्या गठ्ठ्यावर सही मात्र माझी आहे. ती मला आजही टोचते.

त्यांच्या सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. दूध घेतलं, नाहीतर नाकारलं. केंद्रावर रोज यांच्या मधलं काहीतरी घडतं. उन्हाळ्यात एखाद्या कॅनचा वास जरा वेगळा येतो. परीक्षक तो कॅन बाजूला ठेवतो, नळीत थोडं दूध उकळून बघतो, फाटलं नाही तर घेतो. तोवर मागे रांग असते, म्हणून सचिव घाईत ‘नाकारलं’ दाबून मोकळा व्हायचा. नंतर दूध घेतलं तरी ते खात्यावर चढायचं नाही. दोन जर्सी गाईंवर घर चालवणारी एक बाई अशीच एकदा खिडकीशी आली. तीन वेळचं दूध बिलात नव्हतं. तिनं वही दाखवली, मी पडद्यावर बघितलं, तिथे शून्य. ‘सिस्टीमला नाही,’ असं मी तिला म्हणालो. ती काही न बोलता वही पदराखाली घेऊन गेली. ते वाक्य मी पुन्हा कुणाला म्हणणार नाही.

मग तुम्ही आलात. आल्या आल्या सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्यात, चेअरमनसाहेबांचीसुद्धा. भिंतभर पांढरा कागद चिकटवलात, नारिंगी चिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवलेत आणि म्हणालात, आपल्याकडे काय काय घडतं ते लिहा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, तीही घडून गेलेली. डाव्या टोकाला पहाटेची धार, उजव्या टोकाला शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. या पद्धतीला इव्हेंट स्टॉर्मिंग म्हणतात आणि इटलीतल्या अल्बेर्तो ब्रान्दोलिनींनी ती २०१३ साली सुरू केली, हे तुम्ही जेवताना सांगितलंत. मला ती परकी अशी वाटलीच नाही. ‘दूध मोजलं’, ‘फॅट लागली’, ‘पावती निघाली’, ‘टँकर भरला’, ‘सील लावलं’, ‘खाद्य कापलं’. आम्ही दिवसभर असंच तर बोलतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती लिहितो.

आमचे तात्या दाराशी उभे होते. तीस वर्षं दूध तपासणारा माणूस, पण सभागृहात बोलावलं की ते उंबऱ्याच्या आत येत नाहीत. तुम्ही त्यांच्याजवळ गेलात आणि ज्या मार्करनं तुम्ही स्वतः लिहीत होतात तोच त्यांच्या हातात दिलात. ‘मला न्हाई जमायचं असलं लिव्हायला,’ तात्या म्हणाले. तुम्ही ‘मी लिहिते, तुम्ही सांगा’ असं म्हणाला नाहीत. नुसत्या त्यांच्या शेजारी उभ्या राहिलात. सगळं सभागृह बघत होतं, आमचे एक अधिकारी घड्याळ बघत होते. तात्यांनी चिठ्ठी भिंतीला टेकवली आणि सावकाश लिहिलं: ‘दूध थांबिवलं’.

ते अधिकारी लगेच पुढे झाले. ‘द्या इकडे, मी नीट लिहितो. याला होल्ड म्हणतात,’ म्हणाले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, ‘नको, त्यांच्याच हातची राहू द्या.’ आणि ती चिठ्ठी तात्यांकडूनच भिंतीवर लावून घेतलीत, ‘दूध मोजलं’ आणि ‘पावती निघाली’ यांच्या मधोमध.

मॅडम, तुम्हाला हे कदाचित आठवतही नसेल. त्या चिठ्ठीपाशी दहा मिनिटांत केवढा गलका झाला! थांबवलेलं दूध कुणाच्या नावावर? उकळून बघेपर्यंत पावती द्यायची की नाही? परीक्षकाचं चुकलं तर भरपाई कोण करणार? जिथे वाद होईल तिथे तुम्ही एक गडद गुलाबी चिठ्ठी तिरकी लावायचात आणि सगळ्यांना पुढे न्यायचात. संध्याकाळी बघितलं तर सगळ्यात जास्त गुलाबी चिठ्ठ्या तात्यांच्या त्या एका चिठ्ठीभोवती होत्या. आमचं दुखणं वर्षानुवर्षं नेमकं कुठे होतं ते तिथे भिंतीवर दिसलं. त्याच धीरानं टँकरचा ड्रायव्हरही बोलला. बल्क कूलरचं, म्हणजे दूध गार करायच्या मोठ्या टाकीतलं दूध चार अंशांवर आलेलं नसताना त्याला घाईनं निघायला लावतात, हे त्यानं चेअरमनसाहेबांसमोर सांगितलं. केबिनमधल्या चार महिन्यांत ते कुणाच्या कानावर आलं नव्हतं, कारण ड्रायव्हरला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या निळ्या-पिवळ्या चिठ्ठ्या आणि नंतरच्या बैठकांचं मी लिहीत बसत नाही. एवढंच सांगतो की आज केंद्रावरच्या पडद्यावर तीन बटणं आहेत आणि मधल्यावर ‘थांबिवलं’ असंच लिहिलेलं आहे. तुमच्या टीममधल्या मुलानं शुद्धलेखनाबद्दल तात्यांनाच विचारलं होतं. ‘आमी असंच म्हंतो,’ तात्या म्हणाले, आणि त्यानं तसंच ठेवलं. त्याच मुलानं मला सांगितलं की काम करणाऱ्याच्या तोंडातला शब्द आणि कोडमधला शब्द एकच असावा, हे सॉफ्टवेअरच्या आखणीवर लिहिणाऱ्या एरिक इव्हान्स यांनी २००३ सालीच मांडलंय. म्हणजे आमच्याकडे ते आधीचे लोक आले होते तेव्हाही हे जगाला माहीत होतं. त्यांनी ते का केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांना त्यात जास्तीचा पैसाही लागला नसता.

खूप हुशार माणसं मी पाहिली आहेत. समोरच्याचं होईपर्यंत थांबणारी फार थोडी. म्हातारी चढून बसेपर्यंत घंटी न मारणारा एसटीचा कंडक्टर, ‘आजी, सही तुमची तुम्हीच करा, मी आहे इथे’ म्हणून मागची रांग थोपवून धरणारी बँकेतली मुलगी, ही माणसं मला आयुष्यभर लक्षात राहिली. आता त्यांच्यात तुम्ही आहात. तुमची फी संघानं दिली, पण तात्यांच्या शेजारी तुम्ही ज्या शांतपणे उभ्या राहिलात ते कुठल्या बिलात बसणारं नव्हतं.

ती वहीवाली बाई मागच्या दसवड्याला केंद्रावर आली होती. तिचा कॅन थांबवला होता. परीक्षकानं तिच्यादेखत दूध उकळलं, ते चांगलं निघालं आणि पावती तिच्या हातात पडली. तिनं पावतीवरचा आकडा वहीत उतरवून घेतला. वही ती अजून ठेवते, आणि तिनं ठेवावीच.

तो कागद आम्ही गुंडाळून ठेवलेला नाही. संकलन विभागाच्या भिंतीवर लावला आहे. पावसाळ्यात बऱ्याच चिठ्ठ्यांचा गोंद सुटला, त्या टेपनं परत लावल्या. तुमचा मार्कर त्या दिवशी तात्यांच्या खिशातच राहिला. परत पाठवतो म्हणालो तर ते म्हणतात, मॅडमना सोता येऊन न्यायला सांगा. दिवाळीनंतर ते निवृत्त होतायत. त्याआधी एकदा या, पहाटेच या, केंद्र चालू असताना.

तुमचा,
संकलन विभागातला एक कर्मचारी